प्रतीवरून उतरवले

वाचनालयातल्या पुस्तकाचं शेवटचं पान सगळ्यात आधी जातं. तीस-एक वर्षं ग्रंथपालाची नोकरी करून मी जे काही शिकलो, त्यातली ही पहिली गोष्ट. पुठ्ठा सैल झाला की त्याला लागून असलेलं पान सुटतं, आणि सुटलेलं पान वाचकाच्या घरी कुठल्या डब्याखाली जातं ते देव जाणे. काही पानं मात्र सुटत नाहीत, सोडवली जातात. आमच्याकडे तालमीतले एक पैलवान नेमानं यायचे. वर्तमानपत्र उघडून त्याच्या आड कादंबरी धरायचे, आणि कादंबरी हमखास प्रेमाची असायची. एकदा त्यांनी परत केलेल्या पुस्तकातली नायिकेच्या मरणाची दोन पानं नव्हती. मी विचारलं, तर पैलवान खाली मान घालून म्हणाले, "ती पानं बरी न्हवती. मागनं कुणी वाचली असती तर तरास झाला असता की." मी त्यांना सोडून दिलं. पान फाडणारा माणूस बहुतेक वेळा सज्जनच असतो, हाच खरा घोटाळा आहे.

आमचं वाचनालय कोल्हापुरातल्या एका पेठेत, दुमजली इमारतीत होतं. खाली वर्तमानपत्रं, वर पुस्तकं. मी एकटाच ग्रंथपाल, एकटाच कारकून, आणि दुपारी एक ते चार वाचनालय बंद असताना एकटाच बुकबाइंडर. पेठेतली माणसं मला नावानं हाक मारत नसत. 'लायबरी' म्हणत. भाजी घेताना मागून कुणी "ओ लायबरी" म्हणालं की मी वळून बघायचो, आणि बायकोला त्याचा फार राग यायचा.

पान गेलेल्या पुस्तकाचं काय करायचं, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून सांगतो. जुनी पुस्तकं पुन्हा छापली जात नसत. मग त्याच पुस्तकाची दुसरी प्रत कुठे आहे ते शोधायचं, ती ओळखीनं मागवायची, आणि गेलेली पानं तिच्यावरून हातानं उतरवून काढायची. शाई काळी, अक्षर सुटं, ओळीला ओळ जुळवून. मग मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालून पान चिकटवायचं; मोरचुदानं कसर लागत नाही. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी एक शिस्त घालून दिली होती. उतरवलेल्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहायचं: प्रतीवरून उतरवले. खाली सही. याचा अर्थ, या पानात माझ्या पदरचं काही नाही. ते म्हणायचे, वाचकानं आपल्यावर विश्वास ठेवायचा तो या दोन शब्दांसाठी. मी अशी शेकडो पानं उतरवली आहेत. त्यातल्या एका पानावर हे दोन शब्द खोटे होते, आणि त्याची ही हकीकत आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रेव्हरंड साळवी आमचे सभासद झाले. ते नगरकडचे, इथल्या मराठी चर्चमध्ये पाळक म्हणून बदलून आलेले. अंगानं किरकोळ, पँटीला सायकलची क्लिप, आणि वाचनाचा सपाटा असा की आठवड्याला तीन पुस्तकं. एकदा मला म्हणाले, "देसाई, आठ-दहा मिनिटांत मोठ्यानं वाचून होईल असं काहीतरी काढून ठेवा. उपासनेत वाचायचं आहे. धार्मिक मात्र नको."

मी म्हटलं, उपासनेला धार्मिक नको?

"धार्मिक आमच्याकडे भरपूर आहे," ते म्हणाले.

त्यांची योजना अशी होती. महिन्यातले चार रविवार ठरलेले असतात. कुठला प्रभुभोजनाचा, कुठला तरुणांचा. पण वर्षातून चार-पाच महिन्यांत पाचवा रविवार येतो, आणि तो कुणाच्याच नावावर नसतो. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या उपासनेत शास्त्रपाठ झाला की ते साध्या मराठी पुस्तकातला एक उतारा वाचणार. त्यावर संदेश द्यायचा नाही. थोडा वेळ शांत बसायचं, आणि ज्याला त्यात काही ऐकू आलं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. मी विचारलं की शास्त्र असताना हा खटाटोप कशाला. ते म्हणाले, "जे पाठ असतं ते ऐकू येत नाही, देसाई. आमच्या मंडळींना शास्त्र पाठ आहे."

मी ख्रिस्ती नाही. नवरात्रात बायकोबरोबर अंबाबाईच्या रांगेत उभा राहतो, इतपतच माझी भक्ती. पण मी काढून दिलेल्या उताऱ्याचं पुढं काय होतं, ही उत्सुकता कुठल्याही ग्रंथपालाला असणारच. पहिल्या पाचव्या रविवारी मी गेलो. पायरीवर चपला काढल्या आणि आत जावं की नको अशा विचारात उभा राहिलो. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा कोट, हातात गीतांच्या पुस्तकांची चळत. मला नखशिखांत बघून म्हणाले, "पेठेतले लायबरीवाले न्हवं तुम्ही?" मी हो म्हटलं. चेहऱ्यावर स्वागताची रेघही न उमटवता ते म्हणाले, "चपला आत घ्या. कुत्री नेत्यात. आत घडवंचीवर ठेवायच्या." मी चपला उचलल्या आणि मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसलो.

हे बन्यामीनमामा. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर होते, आता निवृत्त. मंडळीनं कारभारासाठी निवडलेल्या वडिलांपैकी एक, आणि पाचव्या रविवारचे सगळ्यात मोठे विरोधक. या वडिलांच्या बैठकीत त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की आज कादंबरी वाचशिला, उद्या शिनेमा दावशिला. पाळकसाहेबांनी हे मला हसत सांगितलं, पण फार हसत नव्हते. आणखी दोन वडील मामांच्या बाजूचे होते.

त्या पहिल्या दिवशी मी दिलेला उतारा एका धोब्याबद्दलचा होता. पन्नास घरांचे कपडे एका गाठोड्यात येतात आणि धोबी कुठला कपडा कुणाचा हे न चुकता सांगतो, असं गमतीचं वर्णन. मी तो निव्वळ हलकाफुलका म्हणून निवडला होता. वाचून झालं. पेटीवाला भात्यावर हात ठेवून बसून राहिला, कुणीतरी खोकलं. मग दवाखान्यातली एक म्हातारी आया पदर सावरत उठली आणि म्हणाली, "धोबी डागावरनं कापड वळखतो म्हणं. देव बी आपल्याला डागावरनंच वळखत असंल." एवढं बोलून ती खाली बसली. तो उतारा मी किमान वीस वेळा वाचला होता. पुस्तकं माझ्या ताब्यात होती, पण आयाबाईंना त्यात जे मिळालं ते मला मिळालं नव्हतं. मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर पाचवा रविवार मी सहसा चुकवला नाही. लोक उठत आणि काय काय सांगत. मारक्या रेड्याच्या गोष्टीत एका शिक्षिकेला तिची सासू दिसली आणि चर्चमध्ये हशा पिकला. मग तीच शिक्षिका रडायला लागली. बन्यामीनमामा पहिल्या बाकावर ताठ बसत. कधी उठले नाहीत, कधी हसले नाहीत. त्यांची पाठ तेवढी मला दिसायची.

मामांची कहाणी मला पाळकसाहेबांकडून कळली. एकच मुलगी, सुलोचना. शिकून मास्तरीण झाली, गडहिंग्लजच्या शाळेत लागली, आणि तिथल्या एका लिंगायत व्यापाऱ्याच्या मुलाशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मामांनी सांगितलं, हे दार तुला बंद. पाच वर्षांनी मामी वारल्या. मुलगी मातीला आली, कबरस्तानात लांब उभी राहिली. विधी उरकून सगळी माणसं मामांच्या घरी आली तेव्हा तीही मागून आली आणि पायरीवर थांबली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, आत गेले आणि कडी लावून घेतली. पन्नास माणसांनी हे बघितलं. सुलोचना थोडा वेळ पायरीवर उभी होती, मग संध्याकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला परत गेली. त्यालाही आता चार वर्षं होत आली होती. दर नाताळला तिचं पत्र येई आणि मामा ते न फोडता पेटीत ठेवत. फाडून टाकत नव्हते, एवढीच काय ती आशेला जागा.

"शास्त्रात घर सोडून गेलेल्या मुलाचा दाखला आहे," पाळकसाहेब म्हणाले. "मामा तो दरवर्षी स्वतः उभे राहून वाचतात. खणखणीत वाचतात. आत काही जात नाही." त्यांना त्या वर्षी बदलीची कुणकुण लागली होती, आणि जाण्याआधी एवढं एक काम व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. येत्या पाचव्या रविवारसाठी बाप-लेकांची एखादी गोष्ट काढा म्हणाले. आणि जाता जाता दारातून वळून म्हणाले, "शेवट गोड नको हं. खरा हवा."

मला लगेच एक पुस्तक आठवलं. स्वातंत्र्याच्या आधीची एक बारकी कादंबरी. लेखकाचं नाव सांगितलं तरी आज कुणाला ओळखीचं वाटणार नाही. एक म्हातारा तांबट, भांडून घराबाहेर पडलेला मुलगा, बारा वर्षांनी तो परत येऊन दाराची कडी वाजवतो. मी ती कॉलेजात असताना वाचली होती. कपाटातून काढली, शेवटचं प्रकरण उघडलं, आणि बघतो तो शेवटचं पान नाही. आदल्या पानावरची अखेरची ओळ अशी होती: 'कडी दुसऱ्यांदा वाजली. म्हाताऱ्यानं हातोडी खाली ठेवली आणि'. पुढे पुठ्ठा.

तो दिवस गुरुवार होता. मी शहरातल्या दोन वाचनालयांत विचारलं, सांगलीला एका परिचिताकडे निरोप धाडला. प्रत नव्हती. शनिवारी सकाळी पाळकसाहेब पुस्तक न्यायला येणार होते. दुसरं पुस्तक काढता आलं असतं, नाही असं नाही; पण ही गोष्ट मामांच्या अंगावर बेतून शिवल्यासारखी होती. मला शेवट आठवत नव्हता, तरी दार उघडलंच असणार याबद्दल मला शंका नव्हती. हातोडी खाली ठेवली म्हणजे माणूस उठलाच. मग शुक्रवारी दुपारी वाचनालय बंद करून मी कागद ओढला आणि ते पान लिहिलं. आठ ओळी. म्हातारा उठतो, गुडघे कुरकुरतात, कडी काढतो. समोर कोण आहे ते तो बघत नाही, खाली बघतो. आणि म्हणतो, 'चपला आत घे. कुत्री नेतात.' गोष्ट संपली.

ते वाक्य आपोआप आलं. मला ते फार आवडलं, आणि आपण नोकरी सोडून लेखक व्हायला हवं होतं असं दहा मिनिटं वाटत राहिलं. मग खळ केली, पान चिकटवलं, आणि हाताच्या सवयीनं तळाशी लिहिलं: प्रतीवरून उतरवले. सही केली. लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडायला हवं होतं, पण खोडलं तर पाळकसाहेब विचारणार, आणि सांगितलं तर ते वाचणार नाहीत. मी शाई वाळू दिली. शनिवारी ते आले, काउंटरवर गर्दी होती. त्यांनी शेवटचं पान उघडलं, हस्ताक्षर बघून कोपऱ्याकडे नजर टाकली, मान डोलावली आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

रविवारी मी गेलो ते चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा. पाळकसाहेबांनी सगळं शेवटचं प्रकरण वाचलं. ते चांगलं वाचत, आवाज न चढवता. हातोडीचे ठोके, पहिली कडी, दुसरी कडी. मग माझं पान आलं. 'चपला आत घे. कुत्री नेतात.' एक-दोन माणसं हसली, कारण चर्चच्या पायरीवरून कुत्र्यांनी नेलेल्या चपलांचा अनुभव सगळ्यांनाच होता. मग हसू थांबलं. मामांची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही.

कुणीच उठलं नाही. तेव्हा पाळकसाहेबांनी स्वतःचा नियम मोडला आणि दोन शब्द बोलले. म्हणाले, या लेखकानं क्षमा हा शब्दसुद्धा वापरलेला नाही. हे वाक्य त्याला कादंबरी लिहिताना सुचलेलं नसणार, ते त्यानं कुठेतरी ऐकलं असणार आणि वर्षानुवर्षं जपलं असणार. मी मागच्या बाकावर कानापर्यंत लाल झालो. स्तुती माझी चालली होती आणि मला ती घेता येत नव्हती, आणि ऐकवतही नव्हती. आशीर्वाद झाला. मामा कुणाला सलाम न करता, गीतांची पुस्तकं गोळा न करता सरळ बाहेर पडले.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ते गडहिंग्लजला गेले. पुढचं मला सुलोचनाबाईंनी कधीतरी सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांचं किराण्याचं दुकान, वर घर. मामा दुकानासमोर गिऱ्हाइकासारखे येऊन उभे राहिले. जावई गल्ल्यावर होता. त्यानं सासऱ्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. तो म्हणाला, "काय पायजे, पावणं?" मामा म्हणाले, "काय न्हाय. सुलू हाय काय वर?" जावई काय ते समजला आणि कन्नडमध्ये आईला ओरडून सांगत जिना चढला. मामा तिथे चार दिवस राहिले. परत आले तेव्हा सात वर्षांची नात बरोबर होती, आणि ती त्यांना सगळ्या गल्लीसमोर 'अज्जा' म्हणून हाका मारत होती.

चर्चमध्ये याचा फार बोलबाला झाला नाही. ती माणसं तशी भिडस्त. पण पुढच्या बैठकीत पाचव्या रविवारचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले, "चालू द्या." विषय मिटला.

मी खूश व्हायला हवा होतो. झालोही, पण ती सही डोक्यातून जाईना. महिन्याभरानं मामा वाचनालयाचा जिना चढून आले, जन्मात पहिल्यांदा. म्हणाले, ते तांबटाचं पुस्तक बघू. मी ते काढून दिलं. त्यांनी उभ्या उभ्या शेवटचं पान बघितलं, कोपरा बघितला, मग माझ्या टेबलावरची उघडी नोंदवही बघितली, जिच्यात दिवसभर मीच लिहीत असे. चाळीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावलेला माणूस. "अक्षर चांगलं हाय," म्हणाले आणि पुस्तक परत देऊन गेले. पण मामा पुढे काही बोलले नाहीत, आणि बोलत नाहीत म्हणजे त्यांना कळलं नाही, अशी मी सोयीची समजूत करून घेतली.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं. आजऱ्याचे एक निवृत्त हेडमास्तर वारले आणि त्यांच्या मुलानं त्यांची पुस्तकं आमच्या वाचनालयाला दिली. घनसाळ तांदळाच्या पोत्यांत भरून आली होती, सगळ्या खोलीला त्याचाच वास. दुसऱ्या पोत्यात तांबटाची कादंबरी निघाली. पुठ्ठ्यासकट, धडधाकट. मी उभ्यानंच शेवटचं पान उघडलं.

'म्हाताऱ्यानं हातोडी खाली ठेवली आणि दुसरी, जड हातोडी उचलली.' तो ठोकत राहतो. इतक्या जोरानं ठोकतो की कडी तिसऱ्यांदा वाजली की नाही ते त्याला ऐकू येत नाही. हात भरून आल्यावर थांबतो तेव्हा बाहेर कुणी नसतं. गोष्ट संपली.

मी पोत्यावरच बसलो. माझी लाज दोन थरांची होती. एक म्हणजे मी दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घातले होते, वर सही करून. दुसरी अशी की त्याचं पान माझ्या पानापेक्षा चांगलं होतं. पैलवानांना मी मनात हसत आलो होतो. आता त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच उरला की त्यांनी वाईट पान फाडलं होतं, आणि मी चांगलं पान बनवून चिकटवलं होतं.

पाळकसाहेबांची बदली ठरली होती, सामान बांधणं चाललं होतं. मी दोन्ही पुस्तकं घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली. रागावले नाहीत, पण चेहरा उतरला. "मी व्यासपीठावरून त्या लेखकाची साक्ष काढली, देसाई," ते म्हणाले. मग म्हणाले, की मामांना हे कळायला हवं. पोरीचा हात धरला तो एका खोट्या पानावरून, हे उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. मी विचारलं, तुम्ही सांगाल का? त्यांनी मान हलवली. "सही तुमची आहे."

मला भीती होती ती अशी. मामा हट्टी माणूस. आपल्याला फसवून वळवलं असं त्यांच्या मनानं घेतलं, तर ते दार पुन्हा लावायला कमी करणार नाहीत, आणि या वेळी पायरीवर नातही असेल. तरी गेलो. मे महिन्याची सुट्टी होती, सुलोचनाबाई माहेरी आलेल्या. आतून फोडणीचा आवाज येत होता, नात शेजारी कुठंतरी खेळत होती. मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी आजऱ्याची प्रत उघडून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, मामा, हा त्या गोष्टीचा खरा शेवट. तुम्ही ऐकलात तो माझ्या मनचा होता. प्रत मिळाली नाही म्हणून मी लिहिला, आणि उतरवला अशी खोटी सही केली. मला माफ करा.

मामांनी चष्मा पुसला. पान वाचलं. बोट ओळीवर ठेवून पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"हे पान मला पाठ हाय," ते म्हणाले. "नऊ वर्सं ह्येच केलं की. ठोकत बसलो."

मी पुन्हा म्हटलं की त्या दिवशी वाचलं ते लेखकाचं नव्हतं, माझ्या मनचं होतं.

"तुझ्या मनचं?" त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं. "तुझ्या मनचं कसलं रं, लायबरी. ते माझं हाय. पयल्यांदा चर्चला आलतास तवा दारात कोन हुतं? चपला आत घ्या, कुत्री नेत्यात, असं तुला कोन बोललं?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला ते आठवत नव्हतं. मग सगळं दिसलं. पायरी, पांढरा कोट, हातातली पुस्तकांची चळत, आणि तो त्रासिक चेहरा.

"पाळकसाहेब वाचाय लागले आनि माझंच बोलणं माझ्या कानावर आलं," मामा म्हणाले. आवाज त्यांनी आत ऐकू जाऊ नये एवढा खाली आणला होता. "तवाच वळखलं, ह्यो लायबरीचा उद्योग. पर म्हटलं, ह्ये मी बोललोय. कुनाला बोललोय? ना नात्याचा, ना मंडळीतला, त्या परक्या माणसाला. त्याला आत घेटलं. आनि पोटची पोर पायरीवर हुभी ऱ्हायली, तवा मला तेवढं बोलाय सुचलं न्हाय."

आतून सुलोचनाबाईंनी विचारलं, "दादा, कोण आलंय?" मामा म्हणाले, "लायबरी आल्यात. च्या टाक." मग माझ्याकडे वळून पुस्तक परत देत म्हणाले, ह्ये बी पान ठेव, ते बी ठेव. दोन्ही लागत्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला वाचनालय बंद केलं आणि खळ केली. आमच्या जुन्या प्रतीत, जिथं माझं पान होतं तिथं, आजऱ्याच्या प्रतीवरून मूळ शेवट नीट उतरवून चिकटवला, जड हातोडीसकट. तळाशी ते दोन शब्द लिहिले, आणि या वेळी ते खरे होते. माझं जुनं पान फेकवेना. ते त्याच्या पाठीमागं जोडलं. त्यावरचं 'प्रतीवरून उतरवले' एका रेघेनं खोडलं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या शिस्तीत बसेल असं काही सुचत नव्हतं. मग सहीच्या वर, त्याच बारीक अक्षरात लिहिलं: ऐकून उतरवले.